संकल्पाचे पाणी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेवर या वर्षी माझ्या पत्नीने पेन्सिलीने वर्तुळे काढली आहेत. पहिले वर्तुळ १४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवारचे आहे आणि शेवटचे आजचे, ३१ डिसेंबर, बुधवारचे. मधल्या एकाही सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी खाडा झालेला नाही. काल रात्री मी ती सगळी मोजली, १३८ भरली. एका डायलिसिसला, म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त धुण्याला, चार तास धरले तर ५५२ तास, म्हणजे बरोबर २३ दिवस आणि २३ रात्री ती त्या यंत्राला जोडलेली होती. वर्ष कसे गेले असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे माझ्याजवळ हेच आहे, आणि ते मी मिरजेतल्या एका रुग्णालयात, डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत तिचे दोन तास उरले आहेत.

तिला गेली अकरा वर्षे रक्तदाब होता. गोळ्या चालू असत आणि बरे वाटले की बंदही पडत. गुडघे दुखू लागल्यावर वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे घरात येऊ लागली, आणि ती औषधांच्या दुकानातून मीच आणत होतो, चिठ्ठीशिवाय, महिनोन्महिने. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) या दोन तपासण्या लिहून दिल्या होत्या. दहावीच्या पेपरांची गडबड आहे, ती संपली की करू, असे म्हणून तो कागद मी कपाटाच्या खणात ठेवला आणि तो तिथेच राहिला. सकाळी उठल्यावर तिच्या डोळ्यांखाली सूज दिसे, ती आम्ही जागरणाची मानली. भूक मंदावली, ते पित्त मानले. जानेवारीत जिना चढताना तिला धाप लागली तेव्हा कुठे रक्त तपासले, आणि क्रिएटिनिन ९.४, म्हणजे असायला हवे त्याच्या कितीतरी पट, निघाले.

मूत्रपिंडे दुखत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्यांचे निम्म्याच्या आसपास काम थांबेपर्यंत क्रिएटिनिनचा आकडासुद्धा पुष्कळदा सामान्य दिसतो. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते आणि ते एका साध्या तपासणीत कळते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत, आणि त्यांतील एक कारण आमच्या घरात अकरा वर्षे होते. तो कागद वेळेवर बाहेर काढला असता तर आजार टळलाच असता असे डॉक्टर म्हणत नाहीत, पण काही वर्षे पुढे ढकलता आला असता असे ते म्हणतात. ती काही वर्षे माझ्या हातून गेली, ही गोष्ट मी कोणाकडून सांत्वन मिळावे म्हणून येथे लिहीत नाही. ती खरी आहे म्हणून लिहितो.

आमचा तासगाव तालुका द्राक्षांचा. पाण्याचे मोल इथे कोणाला सांगावे लागत नाही. दुष्काळात टँकरने पाणी आणून बागा जगवलेली माणसे आमच्या गल्लीत आहेत. तरीही पाणी मोजणे म्हणजे काय ते मला या वर्षी कळले. तिला दिवसाकाठी एक लिटरची परवानगी आहे. त्यात चहा आला, ताक आले, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोट आला. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची, आणि ती जे जे पातळ घेईल तेवढे पाणी त्या बाटलीतून काढून झाडाला घालायचे, म्हणजे किती उरले ते डोळ्यांना दिसते. एप्रिलमध्ये दुपारी तीनलाच बाटलीचा तळ दिसू लागे. ती बर्फाचा एक लहान तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसत असे आणि मी माझे पाणी मागच्या अंगणात जाऊन पीत असे. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. इकडे यंत्राला एका डायलिसिससाठी साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागते. ज्या माणसाला लिटरभर पाणी पुरवून प्यावे लागते, त्याचे रक्त धुण्यासाठी एवढे पाणी वाहते, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला बराच वेळ काही सुचले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कोणाच्या तरी कामी येईल. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे. डायलिसिसवरच्या माणसाला शहाळ्याचे पाणी धोक्याचे असते, कारण त्यातले पोटॅशियम शरीराबाहेर जाऊ शकत नाही आणि ते वाढले तर हृदय थांबू शकते. केळी, टोमॅटो, पालक, सुकामेवा यांचेही तेच. बटाटासुद्धा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात भिजत घालून, ते पाणी ओतून मग उकडावा लागतो. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ तर मुळीच चालत नाही, कारण त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियमच असते. मायेने आणलेली शहाळी परत करता येत नाहीत, म्हणून ती आम्ही शेजारच्या मुलांना देत आलो. पण माझी विनंती आहे की अशा घरी जाताना काय आणू हे आधी विचारावे. विचारण्यात परकेपणा नाही.

तिच्या डाव्या हातात आता बांगडी नाही. मार्चमध्ये त्या हातात शीर आणि रोहिणी जोडून फिस्टुला केला. तो तयार होईपर्यंत मानेतल्या नळीतून डायलिसिस झाले, आणि मेपासून त्या हातात प्रत्येक वेळी दोन जाड सुया टोचल्या जातात. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, त्यातून रक्त काढायचे नाही, त्याने वजन उचलायचे नाही, त्यावर काही घट्ट बसू द्यायचे नाही. चैत्रात हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी त्या मोकळ्या हाताकडे पाहून काही बोललेले तिला लागले. दुसऱ्या दिवशी तिने उजव्या हातात दुप्पट हिरव्या बांगड्या भरल्या. फिस्टुल्यावर बोट ठेवले की आत रक्ताची थरथर जाणवते. ती थांबली तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचे असते. म्हणून रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती हात पुढे करते, मी बोट ठेवतो, आणि 'आहे' असे म्हणतो.

या वर्षाने तुम्हाला काय शिकवले, असे मला गेल्या आठवड्याभरात तीन-चार जणांनी विचारले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही मला वाटते की प्रत्येक दुःखातून धडा काढून दाखवण्याची ही सक्ती आपण आजारी माणसांवर आणि त्यांच्या घरच्यांवर करू नये. 'पॉझिटिव्ह राहा' हेही त्यातलेच. सुई टोचताना तिला दुखते, डायलिसिसनंतर पायांत गोळे येतात, संध्याकाळी मान उचलवत नाही. अशा वेळी तिने हसतमुख राहावे अशी अपेक्षा करणाऱ्याला तिच्यापेक्षा स्वतःच्याच अस्वस्थतेची चिंता जास्त असते. हे वर्ष वाईट होते. ते वाईट होते एवढेच म्हणण्याची मोकळीक आम्हाला हवी आहे.

मूत्रपिंड देण्याचा प्रश्न घरात फेब्रुवारीतच निघाला. तिचा रक्तगट ओ आणि माझा बी, त्यामुळे माझे सरळ चालत नाही. गट न जुळता प्रत्यारोपण होते, पण त्यातली जोखीम आणि खर्च पाहून आम्ही थांबलो. तिच्या थोरल्या बहिणीचा गट जुळतो, पण तिला मधुमेह आहे. मुलाचा जुळतो, तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि तयार आहे, पण त्याची आई तयार नाही, आणि तिच्या नकाराचा मान आम्ही दोघांनी राखला आहे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा फार मोठी आहे. आया देतात, पत्नी देतात, बहिणी देतात. घ्यायची वेळ आली की मात्र त्याच बाईला आपण कोणावर तरी भार होतो आहोत असे वाटू लागते. तिच्या नकारात त्याचाही अंश असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आता मृत्यूनंतर दान होणाऱ्या मूत्रपिंडासाठीच्या पुणे विभागाच्या प्रतीक्षायादीत तिचे नाव आहे. ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचेच मूत्रपिंड लागते, त्यामुळे ती वाट लांबची असते.

सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी रात्री परत येताना गाडी चालवता चालवता माझा डोळा लागला. रस्त्याच्या कडेच्या खडीचा आवाज आला, तिने माझ्या दंडाला धरून हाक मारली, आणि गाडी एका बाभळीच्या अलीकडे थांबली. कोणाला काही झाले नाही. आम्ही दहा मिनिटे तिथेच बसून राहिलो आणि घरी कोणालाही सांगितले नाही. शाळेतले एक सहकारी मार्चपासून मला सांगत होते की सोमवारी मी नेतो, तुम्ही थोडे झोपा. धाकटा भाऊही म्हणत होता. मी प्रत्येकाला 'नको, होते आहे' असेच उत्तर देत आलो. त्या रात्रीनंतरही तेच देत आलो. मदत घेतली तर तिच्यासाठी मी कमी करतो आहे असे होईल, ही एक समजूत माझ्या मनात घर करून होती. मागच्या आसनावर बसलेल्या माणसाचा जीव त्या समजुतीपायी मी धोक्यात घातला.

संकल्पाविषयी मला जे म्हणायचे आहे ते गणेश चतुर्थीच्या सकाळी सुचले. २७ ऑगस्टला बुधवार होता, बाराची पाळी होती, म्हणून गुरुजींना पहाटे सहालाच बोलावले. देशकालाचा उच्चार सुरू झाला: गोदावरीच्या दक्षिण तीरावर, शालिवाहन शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, मग मास, पक्ष, तिथी, वार, मग माझे गोत्र, माझे नाव, आणि मी आत्ता नेमके काय करणार आहे ते. नेहमीप्रमाणे तिने माझ्या हाताला हात लावला आणि मी पळीभर पाणी तळहातावरून ताम्हनात सोडले. हे मी तीस वर्षे करीत आलो आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा शब्द ऐकू आले. आपल्या परंपरेतला संकल्प असा असतो: कुठे, केव्हा, कोण, काय. पाटावरून उठेपर्यंत तो पुराही झालेला असतो. आणि ३१ डिसेंबरला आपण मनाशी म्हणतो की यंदा आरोग्याकडे लक्ष देईन, घरच्यांना वेळ देईन. त्याला वार नसतो, स्थळ नसते, म्हणून तो कोणत्या दिवशी मोडला तेही कळत नाही. पूजा झाल्यावर तिने पळीभर तीर्थ घेतले आणि मला म्हणाली, 'अहो, हेही बाटलीतून काढा.'

गुरुजींच्या त्याच रीतीने मी येत्या वर्षाचे संकल्प केले आहेत. शनिवारी, ३ जानेवारीला सकाळी साडेसातला मी, माझा भाऊ आणि वहिनी तासगावातल्या प्रयोगशाळेत रक्त आणि लघवी देणार आहोत. भावाला साखर आहे, मला मागच्या वर्षीपासून रक्तदाब आहे, आणि तपासणीचा कागद या वेळी खणात नाही, माझ्या पाकिटात आहे. १३ जानेवारीला मंगळवारी भोगी आहे. संक्रांत बुधवारची, म्हणजे डायलिसिसची, म्हणून सगळे भोगीलाच आमच्याकडे जेवायला येतील. भोगीच्या भाजीतले तिला चमचाभरच चालेल. त्या पंगतीत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की माझ्या मेंदूचे कार्य कायमचे थांबले असे डॉक्टरांनी ठरवले तर माझे अवयव द्यावेत. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन तशी नोंद मी केली आहे, पण त्या क्षणी संमती घरच्यांचीच विचारली जाते, आणि ज्यांनी कधी ऐकलेलेच नसते ते गोंधळून नाही म्हणतात. आमच्या घरातले कोणी गोंधळू नये. एका माणसाची दोन मूत्रपिंडे दोघांना मिळतात. पुणे विभागाच्या त्या यादीत कोणाची तरी पत्नी, कोणाचे तरी वडील आमच्यासारखेच दूरध्वनीची वाट पाहत आहेत.

आणि सोमवार. ५ जानेवारीपासून दर सोमवारी ते सहकारी तिला मिरजेला नेतील, आणि शुक्रवारी भाऊ. काल मी दोघांनाही स्वतः दूरध्वनी केला. सहकारी क्षणभर बोललेच नाहीत, मग म्हणाले, 'सर, मार्चपासून गाडीची टाकी भरून ठेवली आहे.' तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की सोमवारी दुपारी झोपा, खोटे सांगू नका, मी आल्यावर उशी बघेन.

नवी दिनदर्शिका परवाच आणली. आज निघण्यापूर्वी तिने पेन्सिल घेऊन २ जानेवारीच्या शुक्रवारपासून वर्तुळे काढायला सुरुवात केली आणि जानेवारी संपवून थांबली. मग एकदम पाने उलटत सप्टेंबरवर गेली. आमच्याकडे ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, हजारो हात दोरखंड ओढतात, गुलाल आणि पेढ्यांची उधळण होते. या वर्षी पंचमी गुरुवारी आली म्हणून ती एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसून रथ पाहू शकली होती, डावा हात पदराखाली जपून. पुढच्या वर्षीची तारीख तिने बोट ठेवून शोधली. १५ सप्टेंबर. मंगळवार.