सगळं पांढरंच आलंय तुमचं!

"हळूहळू शिकाल," असा दिलासा आज सकाळी मला एका मफलरवाल्या गृहस्थांनी दिला. मी तो मागितला नव्हता.

थंडीतल्या शहराचे फोटो काढणं हे घाईचं काम आहे. ऊन चढलं की धुकं विरतं. माणसांच्या तोंडातून निघणारी वाफ फोटोत यायला हवी असेल तर उजेड त्यांच्या मागून यावा लागतो आणि वाफेच्या पलीकडे काळपट भिंत किंवा सावलीतला बोळ असावा लागतो. उजेड समोरून पडला की वाफ गायब. म्हणजे तिरपं ऊन, अंधारी भिंत आणि बसची वाट बघत कुडकुडणारं माणूस हे तिघं एका रेषेत येईपर्यंत आपणही कुडकुडत उभं राहायचं. आणि ते आले रे आले की:

"कसला फोटो काढताय?"

"धुक्याचा."

"पण धुक्यात काही दिसतच नाहीये!"

"म्हणूनच."

"मग धुकं गेल्यावर काढा की. स्वच्छ येईल."

यावर काय बोलणार? तेवढ्यात बॅटरीनं मान टाकली. "चार्ज करून आणायची ना!" पूर्ण भरलेलीच होती हो. थंडीत लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि कॅमेऱ्याला वाटतं की ती रिकामी झाली. आतल्या खिशात अंगाच्या उबेला दहा-पंधरा मिनिटं ठेवली की तीच बॅटरी पुन्हा चालते, म्हणून जोडीची एक कायम आत ठेवायची आणि आलटून पालटून वापरायची. हे सांगेपर्यंत गृहस्थ पुढे पोचले होते.

"पेपरात आहात?" नाही. "यूट्यूबवर टाकता?" नाही. "मग पैसे कोण देतं?" कोणीच नाही. त्यांचा चेहरा एकदम कनवाळू झाला. "बरं, मग माझा एक काढा," म्हणाले. मफलर सोडला, केस सारखे केले, पोट आत घेतलं, नेमके त्या काळपट भिंतीसमोर ताठ उभे राहिले आणि श्वास रोखून धरला. सबंध रस्त्यावर वाफ न सोडणारा तेवढा एकच माणूस, आणि तो माझ्या चौकटीच्या मधोमध.

फोटो पाहून म्हणाले, "सगळं पांढरंच आलंय तुमचं."

ते मुद्दाम तसं आहे! कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं धरून चालतो. धुकं किंवा बर्फ दिसला की तो पांढऱ्याचं मातकट करून टाकतो. म्हणून धुक्यात एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, साधारण एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) आणि उन्हातल्या बर्फात दीड-दोन स्टॉप वाढवावं लागतं. गृहस्थांनी काही न ऐकता आपला फोन काढला. फोन एका दमात अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो आणि कॉन्ट्रास्ट ताणतो. "बघा, धुकं साफ केलं आमच्यानं!" खरंच केलं होतं. पलीकडच्या इमारतीच्या खिडक्यासुद्धा मोजता येत होत्या.

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर एका फोटोसाठी हिमवादळात ३ तास उभे होते. लोक त्यांच्या चिकाटीचं कौतुक करतात. मला त्यांचा हेवा वाटतो तो वादळाचा: मफलरवाले घरात बसतात.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच फुटपाथवर कोणी काठीला फोन लावून आल्यागेल्याला व्हिडिओत घेत ओरडत चाललेलं असतं, त्याला कुणी हटकत नाही. गळ्यात कॅमेरा दिसला की मात्र परवानगी आहे का, इथे उभं राहू नका, काढलेला दाखवा. यावर उपाय एकच, कॅमेरा डोळ्याला कमीत कमी वेळ लावायचा. तसंही धुक्यात ऑटोफोकसला पकडायला धार सापडत नाही आणि तो पुढेमागे घरघरत बसतो. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, ३५ मिमीची लेन्स असेल तर तिचं छिद्र एफ/८ ठेवावं, फोकस हातानं ३ मीटरवर लावून सोडावा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. चालती माणसं बहुतेक वेळा फोटोत न हलता येतात. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर श्वास तोंडानं खालच्या बाजूला सोडावा, नाहीतर काचेवर स्वतःचंच धुकं जमतं.

घरी आल्यावर दुसरी परीक्षा. गार कॅमेरा उबदार, दमट खोलीत उघडा आणला की लेन्सवर दव धरतं, कधी आतल्या काचांवरसुद्धा. त्यासाठी तो बाहेरच झिपच्या पिशवीत हवाबंद करून आत आणावा आणि तासभर उघडू नये. दव मग पिशवीवर धरतं. आता हा तास घरातल्यांना कोण समजावणार? "बघू तरी काय काढलंय" म्हणत पिशवीला हात लागतोच. म्हणून मेमरी कार्ड दाराबाहेरच काढून खिशात टाकावं आणि आत शिरल्याबरोबर ते त्यांच्या हातात द्यावं. निदान "सगळं पांढरंच आलंय" म्हणेपर्यंत तरी पिशवी बंद राहते.