गुंड्याभाऊ नम्रपणे म्हणाला

"आपला प्रश्न अतिशय सुंदर आहे," असं गुंड्याभाऊ म्हणाला आणि आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"कोण बोललं हे?"

"गुंड्याभाऊ," मोबाइलवरची नजर न काढता कन्या म्हणाली.

"कुठला गुंड्याभाऊ?"

"अगं आजी, तुझाच. चिमणरावांचा."

आई मोबाइलकडे बघत राहिली आणि तव्यावरची पोळी करपली. २६ जुलै २००५ ला अर्धी मुंबई पाण्यात होती, बाबा रात्रभर अंधेरीला अडकले होते, त्या दिवशीसुद्धा आमच्या घरात पोळी करपली नव्हती.

झालं होतं असं, की कन्या सातवीत, इंग्रजी माध्यमात. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं केलं. कायदा चांगलाच आहे, त्याच्या बाजूनं मी ऑफिसात भांडलोही आहे. फक्त त्याची अंमलबजावणी रात्री साडेनऊला आमच्या स्वयंपाकघरात होते, एवढीच माझी तक्रार. या खेपेचा प्रोजेक्ट होता, 'आजी-आजोबांच्या आवडत्या पात्राची काल्पनिक मुलाखत. दहा प्रश्न, दहा उत्तरं. चित्र काढावे.' गुण दहा.

आवडतं पात्र कोणतं, हा प्रश्न पुरा व्हायच्या आत आईनं गुंड्याभाऊचं नाव घेतलं होतं. गिरगावातल्या त्यांच्या चाळीत सगळ्या मजल्यांत मिळून एकच टीव्ही. सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडे दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊ लागायचे, तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. चाळीतल्या बायकांची मतं चिमणरावाला. आई तेव्हापासून विरोधी पक्षात.

आता एवढी जाणकार साक्षीदार कन्येपासून सहा फुटांवर उभी होती. चारकोपच्या आमच्या वन बीएचकेत कोणी कोणापासून याहून लांब जाऊच शकत नाही. पण कन्येनं विचारलं ते चॅटबॉटला. 'तू गुंड्याभाऊ आहेस असं समज आणि मला मुलाखत दे.' आणि त्यानं ती दिली की! "नमस्कार! पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून साकारलेला मी गुंड्याभाऊ..." अशी सुरुवात.

मराठीत जे जे म्हणून हसवतं ते ते पुलंच्या खात्यावर जमा करायचं, ही रीत व्हॉट्सॲपनं पाडली. यंत्रानं ती प्रामाणिकपणे उचलली आहे. गुंड्याभाऊचे खरे लेखक चिं. वि. जोशी (१८९२ ते १९६३), बडोद्यात पाली शिकवणारा पंडित माणूस. आयुष्यभर पाली ग्रंथांत डोकं घालून वर लोकांना हसवायचं, आणि शेवटी आपलीच माणसं दुसऱ्याच्या नावावर चढलेली बघायची! सातबाराच्या घोटाळ्यात निदान तलाठी तरी सापडतो.

मी चूक दाखवली. "क्षमस्व! आपण अगदी बरोबर आहात," गुंड्याभाऊ म्हणाला. मला शंका आली. मुद्दाम लिहिलं, 'आणि तू मूळचा कांदिवलीचा.' "अगदी बरोबर! कांदिवलीच्या गल्ल्यांमध्येच माझं बालपण गेलं."

तिसरा प्रश्न कन्येचा होता. तुमच्या हातात नेहमी काय असतं? उत्तर आलं, "माझ्या हातात नेहमी एक छानसं पुस्तक असतं, कारण वाचनानं माणूस समृद्ध होतो."

"सोटा!" आई ओट्याजवळून ओरडली. "सोटा असतो त्याच्या हातात, सोटा!"

कन्येनं निमूटपणे सोटा टाइप केला. क्षणात उत्तर सुधारलं. "हो, माझा सोटा! हा सोटा म्हणजे संवादाचं आणि परस्पर सामंजस्याचं प्रतीक आहे."

आई आत जाऊन पडली. जेवलीसुद्धा नाही नीट.

त्या रात्रीपासून हे प्रकरण माझ्या अंगाशी आलं. पोरीचा प्रोजेक्ट बाजूला राहिला आणि मला चाळाच लागला, की या यंत्राला एक तरी माणूस शेवटपर्यंत नीट वठवता येतो का ते बघायचंच. चारकोपहून बस, कांदिवलीहून ८:१७ ची चर्चगेट, आणि उजवा हात वरच्या कडीत अडकवून डाव्या अंगठ्यानं पात्रपरिचय. असे आठ दिवस काढले.

पहिला घेतला फास्टर फेणे. माझं बालपण त्याच्या सायकलमागून धावण्यात गेलेलं. तू कुठला, विचारलं तर फुरसुंगीचा हे बरोबर सांगितलं. खरं नाव बनेश, तेही बरोबर. मी खूश. पण 'टॉक्' हा त्याचा आवाज यंत्राला कुठून तरी कळला होता, आणि गोरेगावच्या आत माझ्या पडद्यावर त्याचे एकोणीस टॉक् झाले. "नमस्कार, टॉक्! आज हवामान छान आहे, टॉक्!" मी लिहिलं, टॉक् कमी कर. "समजलं. यापुढे मी टॉक् म्हणणार नाही. टॉक्!"

मग एक प्रसंग दिला. रात्रीची वेळ, पडका वाडा, आत दिवा हलतोय, तू काय करशील? त्यानं मुद्देसूद उत्तर दिलं. प्रथम पालकांना कळवावं, मग पोलिसांशी संपर्क साधावा, एकट्यानं आत जाऊ नये. सल्ला उत्तमच. फक्त फास्टर फेणेनं तो कधी ऐकला असता तर त्याची सगळी पुस्तकं मिळून दीड पान भरलं असतं.

"दादा, फाफे असा नाय बोलत," कानाजवळून आवाज आला. माझ्या खांद्यावरून एक गृहस्थ मालाडपासून वाचत होते. "त्याला आधी सायकल द्या." पलीकडचा एक जण म्हणाला की मुळात त्याला प्रश्नच विचारू नका, तो थांबतोय कशाला उत्तर द्यायला! अंधेरीला मोठा लोंढा आत आला आणि ही चर्चा तीन दिशांना विखुरली. फुरसुंगीच्या त्या पोराला ओळखणारे निदान तीन परीक्षक एका डब्यात निघाले, याचं मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

मग म्हटलं, मराठीचं जाऊ दे. शेरलॉक होम्सला घेऊ. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, एकूण साठ, शिवाय त्यावर जगभरानं लिहिलेल्या ढिगाऱ्याला मोजदाद नाही. इंग्रजीत विचारलं तर गडी खरंच चांगला उभा राहिला. तुटक, घमेंडखोर, समोरच्याला मूर्खात काढणारा. दादरपर्यंत टिकला. तिथे मी मराठीवर आलो, तसा त्याचा पाठीचा कणाच मऊ झाला. "वॉटसनजी, आपलं निरीक्षण कौतुकास्पद आहे." 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन'चं भाषांतरही तीनदा ऐकवलं. हे वाक्य त्या साठांपैकी एकाही गोष्टीत जसंच्या तसं नाही.

इथे मात्र माझीच फजिती झाली. वॉटसनला गोळी कुठे लागली होती, विचारलं. म्हणाला, खांद्याला. मी दरडावलं, पायाला! "क्षमस्व, आपण बरोबर आहात, पायाला." पकडला, असं वाटून घरी जाऊन पुस्तकं काढली, तर १८८७ च्या पहिल्या कादंबरीत जखम खांद्याला आहे आणि १८९० च्या दुसरीत पायाला. पुढे एका कथेत तर वॉटसनची सख्खी बायको त्याला, म्हणजे जॉनला, जेम्स म्हणते. म्हणजे साक्षात लेखकालाच आपलं पात्र धड सांभाळता आलेलं नाही, आणि मी ८:१७ मध्ये एका यंत्राची कॉलर धरून उभा!

पवईला सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा रविवारी जेवायला आला. त्याच्यापुढे मी गाऱ्हाणं मांडलं.

"मामा, त्याला गुंड्याभाऊ माहीत नसतो," भाचा आमटी ओरपत म्हणाला. "आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल एवढंच ते काढतं. इंग्रजी मजकूर डोंगराएवढा वाचलाय, मराठी त्या मानानं मूठभर. त्यात देवनागरी शब्दाचे ते बारीक बारीक तुकडे करतं."

"गुंड्याभाऊचे तुकडे?" आई म्हणाली.

"हो आजी."

"करून बघ म्हणावं समोर येऊन."

भाच्यानं पुढे सांगितलं ते मला जास्त पटलं. ही यंत्रं तयार करताना माणसं बसवतात, उत्तरांना गुण द्यायला. नम्र, मदत करणाऱ्या, न दुखावणाऱ्या उत्तराला साहजिकच जास्त गुण पडतात. त्यामुळे मूळ स्वभाव तो बनतो आणि पात्र म्हणजे वरून घातलेला सदरा. सुरुवातीला दिलेली सूचना गप्पा लांबतील तशी मागे पडत जाते, सदऱ्याची बटणं सुटतात आणि आतला आज्ञाधारक मुलगा बाहेर येतो.

आज्ञाधारक मुलगा कसला, हा तर दिवाळसणाला आलेला नवा जावई! काहीही वाढा, "वा, अप्रतिम." सासरे कितीही चुकीचं बोलोत, "अगदी बरोबर आहे तुमचं." याला तुम्ही दुर्वास करा नाहीतर कंस, दहाव्या वाक्याला तो आणखी एक जिलबी घेणारच.

भाच्याकडूनच एक जुनी गोष्ट कळली. गप्पा मारणारा पहिला गाजलेला प्रोग्रॅम १९६६ चा, अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेला. नाव एलिझा. हे नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचं, म्हणजे १९७५ च्या 'ती फुलराणी' नाटकापासून आपण जिला मंजुळा म्हणून ओळखतो तिचं. त्या बिचारीला एका प्रोफेसरानं घासूनपुसून शुद्ध बोलायला शिकवलं होतं. तेव्हा या जमातीत सगळेच सभ्य का बोलतात, ते घराण्यातच आहे म्हणायचं.

पण एलिझा भूमिकेत पक्की होती म्हणतात. तिला दिलेलं काम मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरचं. समोरच्याचंच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारायचा, स्वतःला काही माहीत असायची गरज नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नेमके याच पद्धतीनं चालतात. "बाथरूममध्ये गळती आहे म्हणता? बरं. कधीपासून वाटतंय तुम्हाला असं?" गेली चार वर्षं त्यांच्या भूमिकेत तसूभर फरक पडलेला नाही. गळतीतही नाही.

जिद्दीनं मी गुंड्याभाऊसाठी चाळीस ओळींचा हुकूमनामा लिहिला. तू तापट आहेस. आभार मानायचे नाहीत. प्रश्नाची स्तुती करायची नाही. सोटा म्हणजे सोटाच. सहा प्रश्न अक्षरशः बघण्यासारखे गेले. मी आईला हाक मारून बोलावलं. सातव्या प्रश्नाला तो किंचित हसला. आठव्याला म्हणाला, "रागावर नियंत्रण ठेवण्यासाठी मी पुढील पाच गोष्टी करतो," आणि पाच ठिपके काढून त्यात दीर्घ श्वसनही घातलं.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, तो काय बोलतो ते काय शिकवत बसलायस? तो काय ऐकून घेत नाही, ते शिकव."

मग कन्येला म्हणाली, "घे वही. विचार मला."

आणि ओट्याखालच्या स्टुलावर बसून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन, आई गुंड्याभाऊ झाली. आवाज वगैरे काही बदलला नाही. फक्त देठ मोडायचा वेग वाढला.

"तुम्हाला राग का येतो?"

"येतो तर येतो. तुला काय करायचंय? पुढचं विचार."

"तुमचा आवडता पदार्थ?"

"पानात पडेल तो. आणि पडला नाही, तर वाढणारा."

"आजच्या मुलांना तुमचा संदेश काय?"

"संदेश पोचवायला मी पोस्टमन आहे का?"

कन्या खदखदत लिहीत होती. दोन प्रश्नांपूर्वी गुंड्याभाऊनं चहाला नको म्हटलं होतं आणि आता स्वतःच चहा मागत होता, ही विसंगती मी निदर्शनास आणली. आठ दिवसांची सवय, दुसरं काय!

"माणूस आहे तो," आई म्हणाली. "मघाशी नको होता. आता हवाय. आणि आल्याचा टाक."

मी उठून टाकला. दहाच्या दहा उत्तरं वीस मिनिटांत संपली. कन्येनं चित्रही काढलं. त्यात सोटा गुंड्याभाऊपेक्षा उंच आहे.

परवा वही परत आली. दहापैकी सहा. खाली लाल शाईत मिसची सूचना, 'भाषा सौम्य हवी. संदेश नाही.' कन्येच्या बाकावरच्या मैत्रिणीनं ताम्हनकरांच्या पुस्तकातल्या गोट्याची मुलाखत घेतली होती, तिला नऊ. तिच्या गोट्यानं प्लास्टिकचा वापर टाळण्याबद्दल पाच मुद्दे सांगितले होते आणि प्रश्न अतिशय सुंदर असल्याबद्दल आभार मानले होते.

आईनं चष्मा लावून शेरा दोनदा वाचला. वही मिटली. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर डॉक्टरांनी दिलेली ॲल्युमिनियमची काठी आमच्या दारामागे दीड वर्ष तशीच उभी आहे. मला काय धाड भरलीये, असं म्हणून तिनं एकदाही हातात धरलेली नाही.

"या तुझ्या मिस," आई दारामागे हात घालत म्हणाली, "शाळेत किती वाजेपर्यंत असतात?"