स्मरणिकेची बटणं फोनवर का चालली नाहीत: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू मी सोमवारी सकाळी वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुमची फाइल पुन्हा उघडून एकेक बटण दाबून बघायचं होतं. तीन दिवस त्यात गेले.

तुमचं म्हणणं, रिव्ह्यू न वाचलेल्यांसाठी, थोडक्यात असं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची ११२ पानी डिजिटल स्मरणिका, म्हणजे पीडीएफ फाइल, तुम्ही आमच्याकडून करून घेतली. अनुक्रमणिकेतल्या नावावर किंवा पानाखालच्या बटणावर बोट ठेवलं की हवं ते पान उघडेल, असं आम्ही सांगितलं होतं. प्रकाशनाच्या दिवशी, रविवारी, फाइल माजी विद्यार्थ्यांच्या फोनवर गेली आणि बहुतेकांकडे बटणं हललीच नाहीत. श्रद्धांजलीचं बटण तर लॅपटॉपवरही चाललं नाही. बाजूच्या यादीत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. पान उलटल्यासारखं दिसेल म्हटलं होतं, तेही नाही. माजी विद्यार्थ्यांच्या गटावर फिरलेल्या फाइलमध्ये तर एकही बटण कुठेच चालत नाही. आणि फोन केल्यावर आमच्याकडून उत्तर आलं, 'ॲक्रोबॅट टाकून घ्या, चालेल.'

एक मुद्दा सोडला तर हे सगळं खरं आहे.

त्या फोनबद्दल आधी बोलतो, कारण मला स्वतःला तेच सर्वांत जास्त लागलं. आमच्या ऑफिसातल्या मुलाने सांगितलं ते तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं, ॲक्रोबॅट रीडर या पीडीएफ वाचायच्या ॲपमध्ये ती बटणं चालतात. पण समोर कार्यक्रम सुरू आहे, पहिल्या बॅचची माणसं आता पासष्टीच्या घरात आहेत, आणि त्यांनी मांडवात बसून ॲप शोधून टाकायचं, ही अपेक्षाच चुकीची होती. त्या रविवारी तुमचा फोन मी स्वतः घ्यायला हवा होता. मनापासून माफी मागतो.

आता बटणांचं. आम्ही इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यात एखाद्या चौकटीला बटण करायचं तर 'बटन्स अँड फॉर्म्स' नावाचं पॅनल असतं. चौकट निवडायची, तिला बटण म्हणायचं, दाबल्यावर काय व्हावं ते सांगायचं. नावातच 'फॉर्म्स' आहे आणि गोम तिथेच आहे. पीडीएफमध्ये गेल्यावर हे बटण ऑनलाइन अर्जातल्या रकान्यांच्या जातकुळीचं होतं. संगणकावरचं ॲक्रोबॅट त्याला ओळखतं. पण फोनवर आलेली फाइल टिचकी मारल्यावर ज्या झटपट प्रिव्ह्यूमध्ये उघडते, त्यातले बरेच प्रिव्ह्यू बटणाचं नुसतं चित्र दाखवतात आणि दाबल्यावर गप्प बसतात. साधी हायपरलिंक ही वेगळी गोष्ट आहे. ती कितीतरी जास्त ठिकाणी चालते. दिसायला दोन्ही सारखीच: निळी गोल चौकट आणि आत 'अनुक्रमणिका'. वाचणाऱ्याला फरक कळायचं काही कारण नाही. आम्हाला कळायला हवा होता.

आम्ही फाइल कुठे तपासली? ऑफिसातल्या दोन संगणकांवर, दोन्हीकडे ॲक्रोबॅट. एकाही फोनवर नाही. तुमची स्मरणिका फोनवरच वाचली जाणार हे पहिल्या बैठकीत तुम्ही सांगितलं होतं, माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे. तरी आम्ही टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर खूश झालो. मूळ चूक ही.

श्रद्धांजलीच्या बटणाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला नीट सांगायची आहे. इनडिझाइनमधून पीडीएफ करताना बटणाला 'अमुक नंबरच्या पानावर जा' असं थेट सांगता येत नाही. तशी आज्ञा यादीत दिसते, पण ती दुसऱ्या प्रकारच्या ई-बुकसाठी आहे. पीडीएफसाठी ज्या मथळ्यावर पोचायचं, त्या मथळ्यात एक अदृश्य खूण पेरावी लागते, तिला टेक्स्ट अँकर म्हणतात. बटण त्या खुणेकडे बोट दाखवतं. मधे चार पानं वाढली तरी खूण मथळ्याबरोबर पुढे सरकते, म्हणून ही पद्धत चांगली. पण शेवटच्या प्रूफला तुम्ही त्या पानावर दोन नावं वाढवली होती आणि 'श्रद्धांजली'चं 'स्मरण आणि श्रद्धांजली' केलं होतं. ऑपरेटरने जुना मथळा पुसला आणि नवा टाइप केला. पुसताना ती खूणही पुसली गेली. बटण तसंच राहिलं, त्याला पोचायची जागाच उरली नाही. दुरुस्तीनंतर सगळी बटणं पुन्हा दाबून बघायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास आम्ही दिला नाही, आणि ज्या पानासाठी लोक सर्वांत आधी बोट ठेवणार होते, नेमकं तेच पान उघडलं नाही. आपल्या बाईंचा फोटो बघायला आलेल्या माणसांना ११२ पानं सरकवत बसावं लागलं.

बाजूच्या यादीतली खिचडी. तुम्ही दिलेलं बरंचसं मॅटर जुन्या फाँटमध्ये होतं, छपाईचं पुष्कळ मॅटर अजूनही तसंच येतं. त्या फाँटमध्ये फाइलच्या पोटात असतात रोमन अक्षरं, वर फक्त आकार देवनागरीचे. छापील पानावर ते सुंदर दिसतं. पण ही बाजूची, म्हणजे बुकमार्कची, यादी फोन स्वतःच्या फाँटमध्ये दाखवतो, मग पोटातलं जे असेल ते बाहेर येतं. आम्ही मथळ्यांवरून अनुक्रमणिका आपोआप काढली, तीतूनच बुकमार्क तयार झाले आणि ते कुणी उघडून पाहिले नाहीत. याच कारणाने स्मरणिकेत नाव शोधलं तरी सापडत नाही. हे तुमच्या रिव्ह्यूत नाही, पण तुम्हाला सांगायलाच हवं.

पान उलटण्याबद्दल: तुम्हाला आम्ही जो नमुना दाखवला तो ब्राउझरमध्ये उघडणारा होता, पीडीएफ नव्हता. पीडीएफमध्ये पानबदलाचे परिणाम फक्त फुल स्क्रीन मोडमध्ये दिसतात. नमुना एक आणि माल दुसरा, असं व्हायला नको होतं. तो नमुना आता कुणालाही पीडीएफचा म्हणून दाखवणार नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझं थोडं वेगळं म्हणणं आहे तो. तुम्ही लिहिलंय की गटावर फिरलेल्या फाइलमध्ये एकही बटण कुठेच चालत नाही. तुम्ही पाठवलेली ती फाइल मी पाहिली. ती आमची ८६ एमबीची नाही, कुणीतरी ऑनलाइन साइटवर लहान करून घेतलेली ९ एमबीची आहे. त्या प्रक्रियेत बटणं निघून गेली, उरली ती त्यांची चित्रं. ती फाइल आमच्या ॲक्रोबॅटमध्येही चालत नाही. पण ज्यांनी ती लहान केली त्यांना मी दोष देणार नाही. ८६ एमबीची फाइल फोनवर कोण उतरवणार? फोटो आम्ही छपाईच्या रेझोल्यूशनवरच, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, ठेवले होते. पडद्यासाठी १४४ पुरतं. लहान फाइल आम्हीच द्यायला हवी होती, म्हणजे कुणाला तशी करून घ्यायची वेळच आली नसती.

या तीन दिवसांत काय केलं ते सांगतो.

पानाखालची सगळी बटणं काढून टाकली आणि त्यांच्या जागी हायपरलिंक घातल्या. यात 'मागे' आणि 'पुढे' गेले, कारण 'पुढचं पान' अशी आज्ञा इनडिझाइनमध्ये लिंकला देता येत नाही. माझ्या मते त्यांची गरजही नव्हती, फोनवर लोक बोटाने पान सरकवतातच. प्रत्येक पानावर आता एकच पट्टी आहे, 'अनुक्रमणिका'. ती मोठी केली. एफोर पान २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७०, म्हणजे सगळं एक तृतीयांश होतं. आमची जुनी बटणं ८ मिलिमीटर उंचीची होती, फोनवर तीन मिलिमीटरसुद्धा नाहीत. माझ्या आईला दाबायला दिलं, तिचं बोट चारदा शेजारच्या बटणावर पडलं. आता पट्टी २४ मिलिमीटरची आहे. पानाच्या तळाशी जरा जाड दिसते, पण असू दे. त्यासाठी सहा पानांवरचे फोटो थोडे वर सरकवले आहेत, ते एकदा नजरेखालून घाला.

अनुक्रमणिकेतली सगळी नावं, श्रद्धांजलीसकट, पुन्हा जोडली. बुकमार्क युनिकोडमध्ये, म्हणजे पोटातही देवनागरीच असते त्या पद्धतीत, हाताने टाइप केले. जाहिरातींमध्ये तीन जणांच्या व्हॉट्सॲप लिंक चुकल्या होत्या, नंबरआधी ९१ ऐवजी शून्य पडलं होतं, ते दुरुस्त केलं. फाइल आता १४ एमबीची आहे. पाच वेगवेगळ्या फोनवर, फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवून, तिथूनच उघडून, प्रत्येक लिंक दाबून पाहिली. चार फोनवर सगळं चाललं. एका जुन्या फोनवर अनुक्रमणिका चालली, पण बुकमार्कची यादी दिसत नाही. त्या फोनमध्ये ती सोयच नाही.

सगळं मॅटर युनिकोडमध्ये आणायचं काम राहिलंय. कन्व्हर्टरमधून काढलं की रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, माणसांची नावं बिघडतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय निवडून युनिकोड मॅटर नीट बसतं, पण ११२ पानं पुन्हा वाचावी लागतात. ते आम्ही विनामूल्य करू, दोन वेळा प्रूफ वाचून. दोन महिने द्या. घाईत करून पुन्हा तुमच्या एखाद्या शिक्षकांचं नाव चुकवायचं नाही.

बटणांच्या कामाचे म्हणून बिलात लावलेले ६,५०० रुपये आज तुमच्या समितीच्या खात्यावर परत केले आहेत. छापील ५० प्रतींबद्दल तुमची तक्रार नाही, म्हणून ते बिल तसंच ठेवलंय. ऑफिसात नियमही बदललाय: फोनवर तपासल्याशिवाय कुठलीही डिजिटल फाइल बाहेर जाणार नाही, आणि शेवटच्या दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

नवी फाइल तुमच्या ईमेलवर आहे. गटावर टाकायच्या आधी तुम्ही स्वतः, आणि शक्य झालं तर पहिल्या बॅचमधल्या एक-दोघांना, त्यांच्या फोनवर उघडून बघायला सांगा. रिव्ह्यूत तुम्ही ज्या काकांबद्दल लिहिलंय, जे बाईंचं पान शोधता शोधता कंटाळून उठून गेले, त्यांना ती आधी पाठवा. अनुक्रमणिकेत 'स्मरण आणि श्रद्धांजली'वर बोट ठेवलं की पान ९४ उघडायला हवं. नाही उघडलं तर थेट माझ्या नंबरवर फोन करा, रविवार असला तरी.