पीई बिट लावला म्हणजे प्रोटेक्टेड मोड झाला, असं नाही

माझी भाची अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा ‘प्रोटेक्टेड मोड पाच मिनिटांत’ हा मेसेज तिने मला पाठवला. सोबत प्रश्न: “मामा, यात दिलंय तसंच सगळं लिहिलं, तरी मशीन सारखं रीस्टार्ट का होतंय?” हाच मेसेज याआधी दोन मित्रांकडूनही आला होता. तेव्हा सोडून दिलं. आता मुलं यावरून अभ्यास करायला लागली म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये चार दावे आहेत. प्रोटेक्टेड मोड (प्रोग्रामांची मेमरी एकमेकांपासून राखू शकणारी प्रोसेसरची कार्यपद्धती) इंटेलच्या ३८६ प्रोसेसरपासून आला. जीडीटी (सेगमेंटचा, म्हणजे मेमरीच्या भागांचा तक्ता) भरून सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधला पीई बिट (हा मोड चालू करणारा) १ केला की काम संपलं, इंटरप्ट (हातातलं काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारे संकेत) आपोआप चालू राहतात. एकदा आत गेलं की रिअल मोडमध्ये (प्रोसेसर सुरू होतो त्या जुन्या, संरक्षण नसलेल्या मोडमध्ये) परत येता येत नाही. आणि या मोडमुळे व्हायरसपासून संरक्षण मिळतं.

पहिला दावा सरळ चूक. १९८२च्या ८०२८६मध्ये हा मोड होता, १६ एमबी मेमरीसकट. ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमची १९८७ची पहिली आवृत्ती त्याच्यावरच चालायची. ३८६ने ३२ बिट, पेजिंग (मेमरीची लहान पानांत विभागणी) आणि व्हर्च्युअल ८०८६ मोड (प्रोटेक्टेड मोडमध्येच जुने प्रोग्राम चालवण्याची सोय) आणला, तो १९८५मध्ये.

खरा घात करतो तो दुसरा दावा. ‘इंटरप्ट आपोआप चालू राहतात’ हे लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी चालवून पाहिलं होतं का? पीसीचा टायमर सेकंदाला साधारण १८.२ वेळा, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी इंटरप्ट देतो आणि आयबीएमने तो ८ नंबरवर ठेवलेला आहे. इंटेलने पहिले ३२ नंबर स्वतःसाठी राखले होते, तरीही. प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट (एक फॉल्ट, म्हणजे चूक, हाताळताना झालेली दुसरी चूक). आता इंटरप्ट बंद न करता पीई बिट लावला, तर प्रोसेसर रिअल मोडचाच जुना इंटरप्ट तक्ता आयडीटी (प्रोटेक्टेड मोडचा इंटरप्ट तक्ता) म्हणून वाचतो. त्या तक्त्यात एकेक नोंद ४ बाइटची, आणि आयडीटीत हवी ८ बाइटची. त्यामुळे आठव्या जागी त्याला जुने १६ आणि १७ नंबरचे दोन पत्ते एकमेकांना चिकटलेले मिळतात. ते निरर्थक ठरतात आणि १३ नंबरचा फॉल्ट येतो. त्याची नोंदही तशीच, म्हणून डबल फॉल्ट; तीही तशीच, म्हणून ट्रिपल फॉल्ट. मशीन रीसेट. हे सगळं टायमरच्या पहिल्याच टिकला. भाचीला क्यूईएमयूमध्ये (संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) इंटरप्टची नोंद चालू करायला सांगितलं, तर तिथे आधी ८, मग १३, असंच दिसलं. ती दोन दिवस स्वतःच्या जीडीटीत चूक शोधत बसली होती!

आधी सीएलआय (इंटरप्ट बंद करणारी सूचना) द्या. मग जीडीटी लोड करा, पीई बिट लावा आणि लगेच फार जंप (सेगमेंटही बदलणारी उडी) घ्या. जंप सोडली तर सीएस या कोडच्या सेगमेंट रजिस्टरमध्ये नवा सिलेक्टर (जीडीटीतली नोंद दाखवणारा आकडा) येतच नाही, आणि मेसेजमध्ये ती ओळच नाही. त्यानंतर बाकीचे सेगमेंट रजिस्टर भरा, स्वतःची आयडीटी बांधा, ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलर चिपला नव्याने प्रोग्राम करून हार्डवेअरचे इंटरप्ट ३२च्या पुढे न्या. एसटीआय (इंटरप्ट पुन्हा चालू करणारी सूचना) सगळ्यात शेवटी.

परत येता येत नाही, हे २८६पुरतं अर्धं खरं आहे, तेवढं मानावं लागेल. तिथे एलएमएसडब्ल्यू या सूचनेने पीई बिट लावता येतो, काढता येत नाही. पण पीसी-एटीवर (आयबीएमचा २८६वाला संगणक) त्यातूनही वाट काढलेली होती: सीएमओएसमध्ये (बॅटरीवर टिकणारी छोटी मेमरी) एक खूण ठेवायची, कीबोर्ड कंट्रोलरकडून प्रोसेसर रीसेट करवायचा, आणि बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ती खूण पाहून ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायचा. मेमरी शाबूत राहायची. ३८६वर तर पीई बिट सरळ ० करता येतो. इंटेलच्या १९८६च्या ८०३८६ प्रोग्रामर्स रेफरन्स मॅन्युअलमध्ये, चौदाव्या प्रकरणात, परतीच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. अभ्यास करायचा तर त्यावरून करा. पेजिंग बंद करा, ६४ केबी मर्यादेचे सेगमेंट भरा, इंटरप्ट बंद, बिट ०, फार जंप, मग जुना इंटरप्ट तक्ता लोड करा. डॉस एक्स्टेंडर (डॉसवर प्रोटेक्टेड मोडचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) डॉसची सेवा लागली की रिअल मोड किंवा व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये ये-जा करत. ती जमली नसती तर ते चाललेच नसते.

राहिला व्हायरस. हा मोड एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत आणि कर्नलमध्ये हात घालू देत नाही, तेही कोणी रिंग ३ (साध्या प्रोग्रामांची, सगळ्यात कमी अधिकाराची पातळी) आणि डिस्क्रिप्टर (सेगमेंटच्या मर्यादा आणि अधिकार सांगणाऱ्या नोंदी) नीट मांडले असतील तर. मेसेजमधल्या नमुन्यात सगळं रिंग ० मध्ये, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या पातळीवर, आहे आणि प्रत्येक सेगमेंट ० ते ४ जीबी. त्यात अडवण्यासारखं काही शिल्लकच ठेवलेलं नाही.