कासव शाकाहारी? कुठलं कासव?

‘कासव म्हणजे विष्णूचा अवतार, शुद्ध शाकाहारी. रोज पालक-काकडी आणि दूधपोळी द्या, सीझनला द्राक्षं. काचेच्या पेटीत खिडकीशी ठेवा, ऊन मिळतं. थंडीत खात नसेल तर हाताने भरवा.’ नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय आणि बॉक्स टर्टल हे परदेशी कासव पाळणारेही तो मनोभावे पाळताहेत.

घोळ पहिल्याच शब्दात आहे. आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. पाठीवर चांदण्या असलेलं आपल्याकडचं स्टार कासव मुख्यतः गवत-पाल्यावर जगतं. (ते घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मेसेजवाला सांगत नाही.) बॉक्स टर्टल उत्तर अमेरिकेतलं. तिथे ते गांडुळं, गोगलगायी, किडे, अळंबी, झाडाखाली पडलेली फळं, सापडलं तर मेलेलं जनावरही खातं. पिल्लांचा भर तर किड्यांवरच. देवळातल्या दगडी कासवाला काहीही वाहा, याला गांडुळं लागतात. द्राक्षबागेतली मात्र नकोत, तिथे फवारण्या झालेल्या असतात. गांडूळखतातली लाल गांडुळं काही कासवं तोंडात घेऊन थुंकतात; उग्र वासाचा द्रव सोडतात ती.

पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अंगी लागू देत नाही. काकडी म्हणजे नुसतं पाणी. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून कवच मऊ पडायला वेळ लागत नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस (माकुळासारख्या समुद्री प्राण्याचं कॅल्शियमने भरलेलं हाड) आणा. नखाने खरवडला तरी भुकटी पडते, ती खाण्यावर भुरभुरा. लाल भोपळा, गाजर, रताळं ‘अ’ जीवनसत्त्वासाठी. ते कमी पडलं की पापण्या सुजतात, कानाशी गाठ येते, आणि घरचे म्हणतात, ‘झोपलंय बिचारं.’

दूधपोळी बंद. सरपटणाऱ्यांना दूध पचत नाही. द्राक्षं कधीतरी एखाददुसरं, धुऊन.

खिडकीतल्या उन्हाचं म्हणाल, तर कॅल्शियम मुरवायला लागणारे अतिनील किरण काचेतच अडतात. सकाळी गच्चीवर न्या, पण सावली आणि उथळ पाण्याची परात हवीच. चैत्रातलं नाशिकचं ऊन त्याला भाजून काढेल.

आणि भरवणं? पौषात पारा दहाच्या खाली गेला की ते खात नाही, कारण थंड पोटात अन्न पचत नाही, कुजतं. आधी ऊब द्या. ऊब मिळूनही तोंड उघडत नसेल, तर सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा.