आधी जमीन स्वतः रचा

जमिनीत वीज सोडून घेतलेल्या रीडिंगवरून खालचे थर ओळखण्यावरच्या एका लेखात नवशिक्यांना पायगिमली (pyGIMLi, या कामाची पायथन लायब्ररी) बसवून थेट फील्डचा डेटा इन्व्हर्ट करायला, म्हणजे रीडिंगवरून उलट हिशोबाने थर काढायला, सांगितलंय. इथे माझं मत वेगळं आहे. आमच्या इंदूरखाली माळव्याचा बेसॉल्ट. मुरूम कुठे संपतो नि कातळ कुठे लागतो, हे बोअर मारल्याशिवाय नक्की कळत नाही. मग उत्तर ताडून कशाशी पाहणार? म्हणून आधी जमीन आपणच रचावी: वर ३० ओहम-मीटर वीजरोधाचा ओला मुरूम, खाली ५०० चा कातळ. त्यावरून रीडिंग काढा, ३ टक्के नॉइज (मोजमापात येते तशी चूक) मिसळा, मग इन्व्हर्जन चालवा. लॅम्डा (चित्र किती गुळगुळीत ठेवायचं तो आकडा) थोडा वाढवला की कातळाची कड पुसट होते, आणि तरी डेटा जवळपास तेवढाच जुळतो! हे एकदा पाहिलं की नुसत्या रंगीत चित्रावर विसंबून कुणी शेतकऱ्याला बोअरची जागा दाखवणार नाही. आणि हो, पायगिमली कोंडामध्ये (पायथनची पॅकेजेस बसवायचं साधन) वेगळं एन्व्हायरन्मेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करूनच बसवा.