१०० मीटरची फूटपट्टी आणि अरवली

भाचीची भूगोलाची प्रकल्पवही सहज चाळायला घेतली. 'अरवली पर्वत : पाच सत्यं' असा मथळा आणि खाली जांभळ्या स्केचपेनने उतरवलेला मजकूर. "मामा, बाबांनी फॉरवर्ड केलं होतं," ती म्हणाली. दाजींकडून तोच मजकूर मलाही दोनदा आला होता आणि मी तो न बोलता सोडून दिला होता. आता तो नववीच्या वहीत शिरलाय म्हटल्यावर गप्प बसवेना.

मजकुराचं सार असं. अरवली जगातला सगळ्यांत जुना पर्वत, एके काळी हिमालयाहून उंच. दिल्लीपासून गुजरातपर्यंत सलग भिंत. ती पावसाळी वाऱ्यांना समांतर म्हणून राजस्थानात वाळवंट. आडवी असती तर तिथे कोकण झालं असतं. तिच्यातून एकही मोठी नदी निघत नाही. आणि पाचवं: १०० मीटरपेक्षा बुटक्या टेकड्या म्हणजे नुसते ढिगारे, त्या वाळवंट अडवूच शकत नाहीत, खोदल्या तर काही बिघडत नाही, 'आणि हे सुप्रीम कोर्टानेच मान्य केलंय'.

पाचव्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं अज्ञान आहे आणि हे नुकसान आहे.

वाळू ढगासारखी उडत येते अशी लिहिणाऱ्याची समजूत दिसते. तसं नसतं. वाऱ्यावर वाळूचा कण उड्या मारत, सरपटत पुढे जातो. बहुतेक वाळू जमिनीपासून फार तर कंबरभर उंचीतच धावते. तिला अडवायला २० मीटरची टेकडी पुरते, त्यावर धोकाची झाडं असली तर आणखी चांगलं. (धोक म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद.) बारीक धूळ मात्र किलोमीटर-दोन किलोमीटर वर चढते, आणि तिला अरवलीचं सर्वांत उंच टोक, १,७२२ मीटरचं गुरुशिखरही अडवू शकत नाही. म्हणजे १०० मीटरची रेघ वाळूच्या हिशेबात बसत नाही आणि धुळीच्याही नाही.

नोकरीपायी मी तीन वर्षं अजमेरला होतो. रविवारी स्कूटर काढून नाग पहाडाची घाटी ओलांडायची आणि पुष्करला जायचं. अजमेरच्या बाजूला आनासागरचं पाणी, आणि घाटी उतरली की पलीकडे वाळूचे धोरे डोंगराच्या अंगाला रेलून बसलेले. तिकडे वाळूच्या टेकाडाला धोराच म्हणतात. ती वाळू बुटात शिरली की सोमवारी ऑफिसात टेबलाखाली निघत राहायची. जिथे रांगेत खिंडार आहे, तिथून ती पूर्वेकडे गेलेलीही दिसते. 'सलग भिंत' हा मुद्दा इथेच निकालात निघतो. ती सलग नाहीच, म्हणून तर उरलेली प्रत्येक टेकडी मोलाची.

आता कोर्ट. अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. २० नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने 'भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा जास्त उंच असेल तीच अरवलीची टेकडी' ही व्याख्या स्वीकारली होती. अशा टेकडीचा पायथ्यापर्यंतचा उतारही त्यात धरला होता, हेही खरं. पण २९ डिसेंबरला कोर्टाने स्वतःच त्या निकालाला स्थगिती दिली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची तारीख नोव्हेंबरातच अडकली आहे. शिवाय ढिगाऱ्यांना हात लावू द्या असं कोर्ट कुठेही म्हणालेलं नाही. ही उंची समुद्रसपाटीपासूनची नाही, एवढंही ज्याला कळत नाही तो व्याख्या शिकवतोय! या मापाने दिल्लीत राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभं आहे, तीही बसत नाही, आणि आमची पर्वतीसुद्धा नापास.

'खोदल्या तर काही बिघडत नाही' याचं उत्तर त्याच कोर्टात २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मिळालं होतं. पाहणीतल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ राजस्थानातून नाहीशा झाल्याचं समोर आलं, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, माणसं काय हनुमान होऊन डोंगर उचलून पळाली का? आणि बेकायदा खाणकाम ४८ तासांत बंद करायला सांगितलं. दाजी, हनुमानाने निदान लक्ष्मणासाठी उचलला होता.

वाऱ्याला समांतर असण्याचा मुद्दा आपल्या पुस्तकातही असतो, म्हणून तो साफ खोटा म्हणत नाही. अरबी समुद्राकडून येणारे वारे रांगेच्या बाजूने निघून जातात, तर उंच अबूवर मात्र दीडेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण वाळवंटाचं खापर रांगेच्या दिशेवर फोडायचं, तर सिंधमध्ये अरवली कुठे आहे? तिथेही थरचं वाळवंटच आहे. बंगालच्या उपसागराकडचे ढग तिथवर पोचेपर्यंत रिकामे होतात आणि पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा झाकणासारखी वर बसते. डिडवाण्याच्या खाऱ्या सरोवराचा गाळ सांगतो की काही हजार वर्षांपूर्वी इथे आजच्यापेक्षा जास्त ओल होती. अरवली तेव्हाही अशीच, याच दिशेने उभी होती.

नद्यांचं तर हसूच येतं. लूणी त्याच नाग पहाडाजवळ उगम पावते आणि कच्छच्या रणात जाते, बनास पूर्वेला वळून चंबळेला मिळते, साबरमती दक्षिणेला. उरलं जुनेपण: जगातल्या अतिशय जुन्या वली पर्वतांपैकी एक, हे बरोबर. 'सगळ्यांत जुना' नाही. आणि हिमालयाहून उंच? मोजायला कोण गेलं होतं?

भाचीने ते पान दुसरा कागद चिकटवून झाकलं आणि नाग पहाड नव्याने काढला. पश्चिमेकडचा उतार पिवळा, वाळूने भरलेला. "पूर्वेला निळा चालेल ना, मामा? आनासागर?" मी म्हटलं, चालेल. दाजींच्या ग्रुपवर तो मेसेज अजून तसाच आहे, खाली सहा जणांचे हात जोडलेले.